अंड्यांच्या ट्रेने गाणं स्वच्छ होत नाही

‘भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा. खोली साउंडप्रूफ होते, गाणं स्वच्छ ऐकू येतं, खर्च जवळजवळ नाहीच.’ हा संदेश सांगली-मिरजेच्या गाणंवेड्यांत पुन्हा पुन्हा फिरतोय. मी तो खरा मानून चार भिंती मढवल्या होत्या, म्हणून उत्तर देतो.

साउंडप्रूफचं आधी. आवाज अडतो तो वजनाने आणि फटी बुजवल्याने. नऊ इंची विटांची भिंत तो बराचसा अडवतेच. निसटतो तो खिडकीतून आणि दाराखालून. कागदी लगद्याच्या ट्रेला वजनच नाही. शेजाऱ्यांना त्रास नको असेल तर दाराला रबरी पट्टी लावा.

गाणं स्वच्छ होण्याचं म्हणाल, तर ट्रे वरच्या सुरांतलं थोडंफार शोषतो, खालच्याला हातही लावत नाही. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) जुळवलेल्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, साधारण 69 हर्ट्झचा. त्याची एक लाट जवळपास 16 फूट लांब, आणि ट्रेची जाडी दोन इंच! माझ्या विश्रामबागेतल्या खोलीत झालं ते असं, की तानपुऱ्याच्या जवारीचा झंकार बोथट झाला आणि तबल्याचा डग्गा कोपऱ्यांत पूर्वीसारखाच घुमत राहिला. शिवाय कोरडा पुठ्ठा चटकन पेटतो, आणि ॲम्प्लिफायरच्या वायरी त्याला लागूनच जातात. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते.

चारही भिंती झाकायची गरजच नसते. ऐकायच्या खुर्चीत बसा, कोणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे खडूची खूण करा. आमच्याकडे आईने आरसा धरला. डावीकडची खूण नेमकी कॅलेंडरच्या खिळ्यापाशी आली. कॅलेंडर काढून तिथे आणि उजव्या भिंतीवरच्या खुणेपाशी पॅनेल टांगलं, तेव्हा गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध येऊन बसला.

पॅनेल म्हणजे लाकडी चौकटीत 50 मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडापासून काढलेल्या धाग्यांची गादी) आणि वर सुती कापड, ज्यातून फुंकर आरपार जाईल असं. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क हवाच. भिंतीपासून दोन इंच सोडून टांगा. त्या पोकळीमुळे आणखी खालचे सूर शोषले जातात.

खर्जासाठी मात्र कोपरेच गाठावे लागतात. आधी घरातल्या दोन-तीन जाड वाकळी गुंडाळून कोपऱ्यात उभ्या करा आणि डग्गा ऐका. घुमणं थोडं जरी उतरलं, तर त्याच कोपऱ्यात चार-सहा इंच जाडीचं रॉकवूल जमिनीपासून छतापर्यंत उभं करा.