ताज उलटं बांधलेलं नाही, आणि कुणी जीवही दिला नाही

"मुंबईचं ताज हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं, परदेशी आर्किटेक्ट बघायला आला आणि धक्का बसून त्याने तिथेच जीव दिला, आणि पहिल्या दिवसापासून आजवर ती इमारत फक्त श्रीमंतांचं हॉटेलच राहिली" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, लोक गेटवेसमोर उभं राहून पोरांना हेच सांगतात. यातलं काहीच खरं नाही.

आधी आर्किटेक्टचं घेतो, कारण मला सगळ्यात जास्त लागतं ते तेच. मूळ आराखडा कुणा साहेबाचा नाहीच, तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य म्हणजे व्हीटी स्टेशनच्या कामात त्याचा आर्किटेक्ट स्टीव्हन्ससोबत असलेला माणूस, नवखा कुणी नव्हे. ताजचं काम चालू असतानाच 1900 साली ते मलेरियाने गेले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनिअरने पुढचं काम हातात घेतलं आणि 16 डिसेंबर 1903 ला हॉटेल उघडलं. आत्महत्या कुणाचीच नाही. तापाने गेलेल्या आपल्या माणसाचं नाव गाळायचं आणि त्याच्या जागी एक न झालेला साहेब बसवायचा, तेही मराठीतच फॉरवर्ड करून, याचा खरंच राग येतो.

आता 'उलटं' म्हणजे काय ते बघा. इमारत इंग्रजी यू आकाराची, दोन्ही बाजू शहराकडे वळलेल्या आणि लांबलचक सरळ बाजू समुद्राला लागून, म्हणजे जास्तीत जास्त खोल्यांना समुद्र मिळतो. घोडागाड्या शहराकडूनच यायच्या, म्हणून मुख्य दार त्या बाजूला, मधल्या चौकात. आज त्याच चौकात स्विमिंग पूल आहे आणि लोक आत शिरतात समुद्राकडून, त्यामुळे आपल्याला वाटतं की पुढची बाजू हीच. शिवाय ज्या गेटवेमुळे ही बाजू दर्शनी वाटते तो तेव्हा नव्हताच हो, त्याचं उद्घाटन डिसेंबर 1924 चं, हॉटेलनंतर तब्बल 21 वर्षांनी! त्याआधीचे जुने फोटो शोधून बघा, किनाऱ्यावर घुमटवालं ताज आहे आणि समोर गेटवेचा पत्ता नाही.

राहिलं 'फक्त श्रीमंतांचं हॉटेल'. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत 600 खाटांचं हॉस्पिटल होतं, जिथे पाहुणे उतरायचे तिथे पेशंट होते. आणि शेजारचा तो उंच टॉवर जुन्या ताजचा भाग नाहीच, तिथे आधी ग्रीन्स नावाचं वेगळं हॉटेल होतं, ते पाडून 1973 मध्ये टॉवर उभा राहिला.