पुन्हा कंपाइल केले म्हणजे झाले?

सोलापुरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे: ‘सी ही प्रमाणित भाषा आहे. प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर नेताना फक्त पुन्हा कंपाइल करा. इंट अपुरा वाटला तर लाँग घ्या. वॉर्निंग आली नाही की काम झाले.’ यातले पहिले वाक्य तेवढे खरे आहे. (कंपाइलर लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो आणि वॉर्निंग हा त्याचा इशारा; ‘इंट’ व ‘लाँग’ हे पूर्णांक साठवण्याचे प्रकार.)

सी भाषेचे प्रमाण १९८९ मध्ये ठरले. पण त्याने ‘इंट’ची नेमकी रुंदी ठरवली नाही, किमान १६ बिट, म्हणजे शून्य-एकाच्या १६ जागा, एवढीच अट घातली. याचा अर्थ आम्हाला अक्कलकोट रोडवरच्या एका यंत्रमागावर कळला. मागाचे पिक, म्हणजे आडवे धागे, मोजणारा प्रोग्राम आम्ही लॅपटॉपवर तपासला होता आणि तिथे ‘इंट’ ३२ बिटांचा होता. मागावरच्या एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे छोट्या संगणक-चिपवर, तो १६ बिटांचा, म्हणजे कमाल ३२,७६७. मिनिटाला १५० पिकांच्या वेगाने ही मर्यादा साडेतीन तासांनंतर ओलांडली जाते. त्यामुळे दहा मिनिटांच्या चाचणीत सगळे ठीक दिसले आणि पाळी अर्ध्यावर आल्यावर डिस्प्लेवर उणे आकडा उमटला. मजुरी पिकांवर ठरत असेल, तर ‘कंपाइलर वेगळा आहे’ हे उत्तर कोणता विणकर ऐकून घेईल?

‘लाँग’ने आमची अडचण सुटली असती, हे मान्य, पण तोही सगळीकडे सारखा नाही. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा असतो, तर त्याच लॅपटॉपवर ६४ बिटांचे विंडोज टाकले की ३२ बिटांचा होतो. रुंदी महत्त्वाची असेल तिथे ‘यूइंट३२_टी’सारखे नेमक्या रुंदीचे प्रकारच वापरावेत, ते १९९९ च्या प्रमाणापासून उपलब्ध आहेत.

‘चार’ (कॅरेक्टर), म्हणजे एक अक्षर साठवण्याचा प्रकार, त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. इंटेल प्रोसेसरच्या लिनक्सवर तो चिन्हासह, म्हणजे उणे किमतीही घेणारा असतो आणि एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर बिनचिन्हाचा. म्हणून एकेक अक्षर वाचणाऱ्या ‘गेटचार’चे उत्तर ‘चार’मध्ये ठेवून ‘ईओएफ’ या मजकूर संपल्याच्या, उणे किमतीच्या खुणेशी ताडणारे लूप एआरएमच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर थांबतच नाही.

राहिला वॉर्निंगचा मुद्दा, जो मला सर्वांत घातक वाटतो. बेरीज मर्यादेबाहेर गेली का, हे पाहण्यासाठी अनेक जण ‘एक मिळवल्यावर संख्या लहान झाली का’ असे तपासतात. चिन्हासह संख्येने मर्यादा ओलांडणे प्रमाणानुसार अव्याख्यात (म्हणजे तेव्हा काय व्हावे हे न ठरवलेले) असल्यामुळे, तसे कधी घडणारच नाही असे मानण्याची मुभा कंपाइलरला आहे. त्यामुळे ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्राम वेगवान करण्याची सोय, चालू असताना जीसीसी हा कंपाइलर ती तपासणीच मुकाट्याने काढून टाकू शकतो. ही तुलना बेरजेनंतर नव्हे, बेरजेआधी ‘इंट_मॅक्स’शी, म्हणजे ‘इंट’च्या कमाल किमतीशी, करायची असते.