किती पेट्या?

फरशीच्या टाइलच्या पेट्या किती लागतील, याचं उत्तर आमच्या घरात प्रत्येकाकडे तयार होतं. आईच्या मते 15, मेहुण्यांच्या मते 20, दुकानदाराच्या मते 30. कडियाकाकांना विचारलं तर ते भिंतीकडे बघत म्हणायचे, ‘‘जोईए.’’ म्हणजे बघू या. बडोद्यात गवंडीकाम करणारा माणूस एकदा ‘जोईए’ म्हणाला की पुढचा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. चहा मागवावा.

दांडिया बाजारातलं आमचं घर आजोबांच्या काळातलं. हॉल, आतली खोली आणि दोघांना जोडणारा बोळ, एवढ्याचीच फरशी बदलायची होती. रंग आमच्या हिने दुकानात शिरल्या शिरल्या पसंत केला, त्यावरून कुणाचंही काही म्हणणं नव्हतं. भांडणं होतात ती संख्येवरून.

मेहुणे इंजिनिअर आहेत. इलेक्ट्रॉनिक्सचे, पण सासुरवाडीत शाखा कोण विचारतो? त्यांनी टेप काढली, भाच्याला दुसरं टोक धरायला लावलं आणि मापं घेतली. हॉल 14 बाय 11, खोली 11 बाय 10, बोळ 12 बाय साडेतीन. एकूण 306 चौरस फूट. टाइल दोन बाय दोनची, म्हणजे चार चौरस फूट. पेटीत चार टाइल, म्हणजे 16. भागाकार 19 आणि वर चिल्लर. ‘‘वीस पेट्या. विषय संपला,’’ असं म्हणून त्यांनी टेप सोडली. ती सळसळत आत गेली आणि भाच्याच्या बोटाला चाटून गेली. विषयाची सुरुवात तिथून झाली.

दोन बाय दोन हे त्या टाइलचं लाडाचं नाव आहे, हे दुकानात कळलं. खरी टाइल 600 मिलिमीटरची, म्हणजे 23.6 इंच. पेटीवर स्वच्छ छापलेलं असतं: 1.44 चौरस मीटर. त्याचे होतात साडेपंधरा चौरस फूट. सोळा नव्हेत. मेहुण्यांनी तिथल्या तिथे 20 गुणिले 15.5 केलं, 310 आले, आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘‘बघा, तरी बसतंय. वर चार फूट उरतात.’’ दुकानदाराने त्यांच्याकडे ज्या मायेने पाहिलं, तशी माया मी बिल करताना कुठल्याही दुकानदाराच्या डोळ्यांत पाहिलेली नाही.

‘‘साहेब, मोरबीचा माल आहे,’’ तो म्हणाला. देशातल्या बहुतेक टाइल मोरबीत भाजल्या जातात, त्यामुळे माल मोरबीचा असणं ही काही बातमी नव्हती. बातमी पुढे होती. डिझाइन तेच असलं तरी प्रत्येक लॉट वेगळा भाजला जातो, शेड किंचित हलते, आकारही मिलिमीटरभर इकडेतिकडे होतो. म्हणून पेटीवर शेडचा नंबर असतो आणि सगळ्या पेट्या एकाच नंबरच्या घ्यायच्या असतात. ‘‘घटशे तो पछी नहीं मळे.’’ कमी पडल्या तर मग मिळायच्या नाहीत. हे वाक्य त्याने इतक्या हळू आवाजात उच्चारलं की आई 15 वरून सरळ 25 वर गेली. शेडबिड तिला काही नको होतं. ‘मिळायच्या नाहीत’ एवढंच तिने ऐकलं.

आता कडियाकाका. हा माणूस चौरस फूट मोजतच नाही. ओळी मोजतो. हॉलच्या कडेला उकिडवे बसून त्यांनी जमिनीवर टाइल ठेवल्यासारखा हात सरकवत नेला: एक, दोन, तीन... सातव्याला थांबले. 14 फुटांत दोन-दोन फुटांच्या सात टाइल बरोब्बर बसायला हव्यात, शाळेतलं पोरही सांगेल. पण 23.6 इंचांच्या सात टाइल आणि मधल्या सांध्यांत दोन-दोन मिलिमीटर धरले, तरी शेवटी भिंतीशी दोन इंच मोकळे राहतात. त्या दोन इंचांना पट्टी लागणार. आणि काका ती लावायला तयार नव्हते. ‘‘एवी पट्टी हूं नहीं लगाडूं.’’ त्यांच्या मते दोन इंचांची पट्टी लावणं म्हणजे पाहुण्यांसमोर स्वतःची अब्रू घालवणं, आणि पाहुणे आमचे असले तरी अब्रू त्यांची होती. त्यांचा उपाय असा: मधे सहा अख्ख्या टाइल, दोन्ही टोकांना अर्ध्याहून थोडे मोठे दोन तुकडे. दिसायला सुंदर. पण अर्ध्याहून मोठा तुकडा कापला की उरलेला अर्ध्याहून लहान असतो, तो समोरच्या टोकाला चालत नाही. म्हणजे सातच्या जागी आठ. आडव्या बाजूला 11 फुटांत साडेपाचाहून जरा जास्त, म्हणजे सहा. हॉलच्या 48 टाइल! मेहुण्यांच्या वहीत हॉल साडेअडतीस टाइलांत उरकला होता.

आमच्या घराची गंमत अशी की आजोबांनी प्रत्येक खोलीची एक तरी बाजू सम फुटांची ठेवली होती. 14, 10, 12. तिन्हीकडे भिंतीशी तीच बारीक पट्टी. शिवाय कुठलीही भिंत गुण्यात नाही. हॉल एका टोकाला 11 फूट आहे आणि दुसऱ्या टोकाला तीन इंच कमी; काकांनी दोरी धरून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, ‘‘तुझ्या आजोबांना काटकसरीची सवय होती.’’ काकांच्या ओळींनी हिशेब झाला: हॉल 48, खोली 36, बोळ 14. एकूण 98 टाइल, साडेचोवीस पेट्या. भिंतीलगतची चार इंची स्कर्टिंग कुणाच्याच वहीत नव्हती. ती शंभरावर फूट निघाली, पण काका म्हणाले ती कापून उरलेल्या तुकड्यांतून काढू. मेहुणे त्या दिवसापासून काकांना ‘काका’ म्हणायला लागले. त्याआधी ‘अहो’ म्हणत.

तुटफूट धरून 28 पेट्या ठरल्या. 30 म्हणणाऱ्या दुकानदाराला वाटलं तो जिंकला, आणि त्याचं म्हणणंही बरोबर होतं.

सिमेंटचं गणित तर मेहुण्यांनी हट्टाने केलं. दीड इंच माल, सिमेंट-रेती एकास सहा, सुक्याचं ओलं होताना आकसतं म्हणून एक तृतीयांश वाढ. सिमेंटच्या सहा थैल्या आणि 44 घनफूट रेती. हे गणित खरोखर बरोबर होतं. मी स्वतः ताळा केला. पण जुनी फरशी उखडल्यावर खोलीचा एक कोपरा खाली गेलेला निघाला, तिथे माल तीन इंचांवर गेला. रेतीचं तर काय सांगावं? ती छकड्यातून गल्लीत पडली आणि तिच्यावर आधी मुलांनी किल्ला बांधला, मग मांजराने हक्क सांगितला, मग शेजारच्या काकूंनी कुंड्यांसाठी ‘एकच घमेलं’ नेलं. समोरच्यांनी पायरी बसवायला दोन. जाणारी-येणारी स्कूटर थोडी-थोडी रावपुऱ्यापर्यंत घेऊन गेली असणार. एकास सहामध्ये शेजाऱ्यांचा भाग कुठे धरतात, ते कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

लक्ष्मीविलास महाल पाहायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही दरबार हॉलमधली व्हेनेशियन मोझेकची जमीन कौतुकाने दाखवतो. महाल 1890 साली पूर्ण झाला. आता तिथे गेलो की माझी नजर मधल्या नक्षीवर ठरत नाही, सरळ भिंतीच्या कडेला जाते. कापलंय कुठे, ते बघायला.

काम संपलं तेव्हा दोन पेट्या शाबूत होत्या आणि बोळात तुकड्यांचा ढीग. दुकानदार फक्त सीलबंद पेटी परत घेणार होता, त्यामुळे त्या दोन पेट्यांच्या आसपास फिरकायला घरात सगळ्यांना बंदी झाली. कामवाल्या मावशी तिथून केरसुणीसुद्धा जपून फिरवत. तुकड्यांचं काय करायचं, हे काकांनी सुचवलं. गच्ची मेमध्ये तापते आणि पावसात गळते. वरती चायना मोझेक, म्हणजे फुटक्या टाइलांची फरशी, करून टाकू, फिक्या रंगाच्या तुकड्यांनी ऊन परतून जातं. फुकटचे तुकडे, फक्त सिमेंट आणि मजुरी. ज्या तुकड्यांच्या नावाने आम्ही महिनाभर हळहळलो, तेच आता कामी येणार म्हटल्यावर आईने काकांना शेव-उसळ मागवली.

दुपारी काकांनी गच्चीवरून हाक मारली. तुकडे कमी पडतायत, एक अख्खी पेटी फोडायला द्या.

मेहुणे टेप घेऊन जिना चढता चढता मला विचारत होते, फोडल्यावरही साडेपंधराच धरायचे, की तुकड्यांमधल्या फटींचे वेगळे?