‘वर्ष सांगा, पार्ट घ्या’ इथे का चालत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कन्व्हर्जन केलेल्या (म्हणजे दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेल्या) डिझेल क्रू कॅबचे, चार दारांच्या पिकअप ट्रकचे, पार्ट कसे ओळखायचे, या लेखाखाली तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. तुमचा ट्रक फोर्ड एफ-३५०, त्यात डॉजमधून काढलेलं कमिन्स ५.९ (५.९ लिटरचं डिझेल इंजिन). तेव्हा इंजिनाकडचं काही लागलं तर ‘डॉज १९९८’ म्हणून मागवावं, उरलेलं चेसिस नंबरवरून घ्यावं. व्हर्नियर लावा, आटे मोजा, दाते मोजा हे लेखात उगाच भरलंय आणि त्याने नवखा माणूस घाबरतो. ओतीव नंबर (पार्टवर ओततानाच उमटवलेले आकडे) बिनकामाचे. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंत की मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंटमधला, दोन भुजा काटकोनात असलेला तुकडा) दोनदा चुकीचा आला, एकदा फोर्डचा म्हणून आणि एकदा डॉजचा म्हणून, दोन्ही वेळा दुकानदाराने घोळ घातला. स्टिअरिंग पंपाबद्दलही तुम्ही विचारलंत.

क्रॉसपासूनच सुरुवात करू, कारण बाकीच्या मुद्द्यांचं उत्तर बरंचसं त्यातच आहे.

दुकानदाराने घोळ घातला असं मला वाटत नाही. तुम्ही जे मागितलं तेच त्याने दिलं. तुमच्या शाफ्टचं एक टोक गिअरबॉक्सच्या योकला (क्रॉस धरणाऱ्या दुशिंगी तुकड्याला) जोडलंय, दुसरं फोर्डच्या एक्सलच्या योकला, आणि मधली नळी लांबी जुळवायला कापून वेल्ड केलेली असणार. अशा शाफ्टमध्ये एकाच क्रॉसच्या दोन भुजा दोन वेगळ्या सीरिजच्या असू शकतात. अमेरिकन पिकअपमध्ये नेहमी भेटणारी मापं अशी: १३१० सीरिजची रुंदी ८१.८ मिमी, कप (भुजेच्या टोकावरची बेअरिंगची टोपी) २७ मिमी. १३३० ची रुंदी ९२.१, कप २७. १३५० ची रुंदी ९२.१, कप ३०.२. १४१० ची रुंदी १०६.४, कप ३०.२. म्हणजे १३३० आणि १३५० रुंदीला अगदी सारखे, फरक फक्त कपात. १३५० आणि १४१० चे कप सारखे, फरक रुंदीत. हातात धरून नुसतं डोळ्यांनी बघितलं तर १३३० आणि १३५० मध्ये भले भले फसतात.

म्हणून क्रॉस काढल्यावर त्याच्या दोन्ही भुजा वेगवेगळ्या मोजा. कपाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने घ्या आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या बाहेरच्या तळांमधलं अंतर घ्या. सर्क्लिप (कप जागेवर धरणाऱ्या रिंगा) योकच्या बाहेरच्या खाचेत बसतात की आतल्या बाजूने, हेही टिपून ठेवा, कारण आतून सर्क्लिप बसणाऱ्या क्रॉसला वरची रुंदी लागू होत नाही. दोन भुजा दोन मापांच्या निघाल्या तर त्यासाठी जोड क्रॉस तयार मिळतो, एका भुजेला १३३० आणि दुसरीला १३५० असा. तो फोर्डच्या यादीत नसतो, डॉजच्याही नसतो, तो मापावरूनच मागावा लागतो. तुमचे दोन्ही क्रॉस परत का गेले असतील, त्याचं सगळ्यात शक्य कारण मला हेच दिसतं. आणखी एक: शाफ्ट खाली उतरवण्याआधी योक, फ्लँज आणि सरकता भाग यांवर पेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवा. वेल्ड केलेल्या शाफ्टची दोन्ही टोकं एका रेषेत आहेत का तेही तेव्हाच बघा. नसतील तर क्रॉस कितीही नवा घाला, ठराविक वेगाला थरथर येत राहणार.

आता ‘डॉज १९९८’. हे वर्ष तर ५.९ च्या बाबतीत सगळ्यात फसवं. १९९८ च्या सुरुवातीच्या ट्रकमध्ये १२ व्हॉल्व्हचं इंजिन आणि बॉशचा पी७१०० हा डिझेल इंजेक्शन पंप होता. त्याच वर्षाच्या मध्यापासून २४ व्हॉल्व्हचं इंजिन आणि इलेक्ट्रॉनिक व्हीपी४४ पंप आला. दोघांनाही लोक ‘अठ्ठ्याण्णवचं कमिन्स’ म्हणतात. नॉझल, हेड गास्केट, डिझेलचे पाइप, लिफ्ट पंप, यातलं काहीही एकमेकांना चालत नाही. ओळखायला बॉनेट उघडणं पुरेसं आहे: हेडवर सहा सुटी छोटी झाकणं असतील तर १२ व्हॉल्व्ह, एकच लांब झाकण असेल तर २४. १२ व्हॉल्व्हमध्येही १९८९ ते १९९३ चा व्हीई पंप गोल असतो आणि पाइप त्याच्या पाठीमागून निघतात. पी७१०० लांबट असतो आणि त्याचे सहा पाइप ओळीने वर येतात.

त्याहून पक्कं म्हणजे इंजिनावरची पाटी. डॉजच्या ५.९ वर ती पुढच्या गिअर केसवर ड्रायव्हरच्या बाजूला असते. वायर ब्रश मारा, खडू घासा, टॉर्च तिरका धरून फोटो काढा. त्यावर इंजिनाचा सीरियल नंबर आणि सीपीएल नंबर (कंट्रोल पार्ट्स लिस्ट, म्हणजे त्या इंजिनाच्या भागांच्या यादीचा नंबर) मिळतो. सीरियल नंबरवरून ते नेमकं इंजिन कारखान्यातून कोणत्या भागांनी बाहेर पडलं ते कळतं. विकणाऱ्याने सांगितलेलं डोनरचं (इंजिन जिच्यातून काढलं त्या गाडीचं) वर्ष ही ऐकीव माहिती असते. शिवाय ५.९ मध्यम वजनाच्या ट्रकमधून किंवा शेतीच्या यंत्रातूनही येतं. तेव्हा ऑइल पॅनचा खड्डा वेगळ्या जागी असतो, टर्बोचं तोंड वेगळ्या दिशेला असतं आणि सेल्फ २४ व्होल्टचासुद्धा असू शकतो. अशा इंजिनाला ‘डॉज’ म्हणून मागवलेलं ऑइल पॅन गास्केट बसेल, पण पॅन बसणार नाही.

चेसिस नंबरचंही तसंच. सतरा अक्षरी नंबरातलं आठवं अक्षर फोर्डने कोणतं इंजिन बसवलं होतं ते सांगतं, आणि ते इंजिन तर आता ट्रकमध्ये नाहीच. दारं, काचा, कुलुपं, कमानपाटे यासाठी चेसिस नंबर उत्तम. तिथे तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर आणि त्यासाठी मोजमाप करत बसू नये. तसंच एकदा इंजिन पाटीवरून पक्कं झालं की फिल्टर, व्हॉल्व्ह कव्हरची पॅकिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट हे नंबरावरून बिनधास्त मागवा.

माझा आग्रह आहे तो सांध्यांपुरता. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीच्या भागाला जिथे भिडतो, तिथे कोणतीही यादी उपयोगाची नाही.

क्लच घ्या. क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास आणि प्रेशर प्लेटची भोकं फ्लायव्हीलवर ठरतात. त्याच प्लेटच्या मधले दाते मात्र गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर. रिलीज बेअरिंग गिअरबॉक्सचं, मास्टर सिलिंडर फोर्डच्या पेडलचा, आणि स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचावर) जो बसला तो. दाते मोजून थांबू नका. सव्वा इंचाच्या शाफ्टला १० दाते असतात आणि १ ३/८ इंचाच्या शाफ्टलाही १० च. व्यास मोजलात तर एक ३१.७५ मिमी भरतो, दुसरा जवळपास ३५.

पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरत पडतो, ही कन्व्हर्जनमधली नेहमीची तक्रार. लोक पुन्हा पुन्हा हवा काढतात, मग प्लेट बदलतात. खरा घोळ बऱ्याचदा दोन सिलिंडरच्या बोअरमध्ये असतो. समजा मास्टरचा बोअर ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी आणि त्याचा दट्ट्या ३० मिमी सरकतो. स्लेव्हचा बोअर ७/८ इंच असेल तर त्याचा दट्ट्या सुमारे २२ मिमी पुढे येईल. तोच बोअर १ इंच असेल तर जेमतेम १७ मिमी. पाच मिमी कमी पडले की प्लेट पूर्ण सुटत नाही. बोअर बहुतेक वेळा सिलिंडरच्या अंगावरच ओतलेला असतो, आधी तो वाचा.

बेलहाउसिंगचंही असंच. इंजिन मध्यम वजनाच्या ट्रकचं असेल तर मागे एसएई ३ किंवा एसएई २ या ठराविक मापांचं हाउसिंग असतं. दोन्हींना भोकं बाराच. एसएई ३ चं मधलं तोंड ४०९.६ मिमी आणि भोकांच्या वर्तुळाचा व्यास ४२८.६. एसएई २ चं तोंड ४४७.७ आणि वर्तुळ ४६६.७. भोकं मोजून ऑर्डर दिली तर अंदाज चुकायची शक्यता अर्धी अर्धी. आणि सेल्फ मागवताना हाउसिंग किंवा अडॅप्टर प्लेट कोणती आणि रिंग गिअरला दाते किती, हे आधी बघा.

स्टिअरिंग पंपाबद्दल तुम्ही विचारलं होतंत. डॉजच्या १२ व्हॉल्व्हवर व्हॅक्यूम पंप गिअरने फिरतो आणि त्याच्या मागे जोडलेला स्टिअरिंग पंप त्याच्यामुळे फिरतो. तुमच्या ट्रकला ब्रेक बूस्टर व्हॅक्यूमचा आहे की हायड्रोलिक, त्यावर पुढचं सगळं अवलंबून. हायड्रोलिक असेल तर त्या एका पंपावर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही चालतात आणि तेल परत येण्याच्या दोन नळ्यांची सोय लागते. नळीच्या तोंडाला तर फार जपा. जुन्या अमेरिकन पंपांना ५/८ इंच, १८ आट्यांचा फ्लेअर असतो, नंतरच्यांना १६×१.५ किंवा १८×१.५ मिमीचा ओ-रिंगवाला जोड. ५/८ इंच म्हणजे १५.९ मिमी, १६ ला चिकटूनच. सुरुवातीचे आटे लागतात, मग जोर केला की पंपाचं तोंड गेलं. आटे मोजायची पिच गेज हे अगदी साधं हत्यार आहे, आणि तिने इथे एक अख्खा पंप वाचतो.

चाकांचे नट याच जातीचे. जुन्या एक्सलला ८ बोल्ट, १६५.१ मिमीचं वर्तुळ. १९९९ पासूनच्या फोर्ड सुपर ड्यूटीला ८ बोल्ट, १७० मिमी. नव्या ट्रकचा एक्सल जुन्या चेसिसखाली घातला असेल तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांना लागत नाहीत आणि स्पेअर एकाच टोकाला चालतं. नटांमध्ये ९/१६ इंच, १८ आटे आणि १४×१.५ मिमी शेजारी शेजारी पडलेले असतात. ९/१६ चा नट १४ मिमीच्या स्टडवर सैल जातो, थोडे आटे गेल्यावर अडकतो, आणि पान्याला घट्ट झाल्यासारखा लागतो. चाक मात्र आवळलेलं नसतं. हा प्रकार जिवावर बेततो, म्हणून पुढचे आणि मागचे नट दोन वेगळ्या डब्यांत, नाव घालून ठेवा.

डिझेलच्या काट्याबद्दल एवढंच: टाकीतला सेंडर (डिझेलची पातळी मोजणारा भाग) इंजिनाशी जुळवायचा नसतो, डॅशबोर्डच्या मीटरशी जुळवायचा असतो. जुन्या फोर्डचा सेंडर टाकी रिकामी असताना ७३ ओहम आणि भरल्यावर १० दाखवतो. नंतरच्या फोर्डचा रिकाम्याला १६ आणि भरल्यावर १५८. दिशाच उलटी, म्हणून अदलाबदल झाली की भरल्या टाकीला काटा रिकामं दाखवतो.

ओतीव नंबर बिनकामाचे, हे मात्र मला मान्य नाही. एकाच ओतीव कामावर वेगवेगळं मशीनिंग होऊन वेगवेगळे पार्ट बनतात, म्हणून ओतीव नंबर देऊन पार्ट मागवू नये, इथपर्यंत ठीक. पण ओळखायला तो लागतोच. २४ व्हॉल्व्हच्या काही ब्लॉकच्या कडेला ५३ हा आकडा ओतलेला असतो. त्या ब्लॉकच्या पाण्याच्या कप्प्याची भिंत तडकण्याची तक्रार नेहमीची आहे. इंजिन विकत घेताना हा आकडा बघितला नाही तर पुढचा सगळा खर्च तडा गेलेल्या ब्लॉकवर होऊ शकतो. डेना एक्सलच्या नळीवर ठोकलेला बीओएम (बिल ऑफ मटेरियल) नंबरही असाच घासून वाचण्याजोगा. त्यावरून क्राउन-पिनियनचं मूळ प्रमाण कळतं. आत कुणी गिअर बदलले असतील तर दाते मोजायचे: ४१ आणि १० म्हणजे ४.१०, ३९ आणि ११ म्हणजे ३.५५. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचं आणि मागचं प्रमाण जुळलंच पाहिजे.

नवखा घाबरतो हा तुमचा मुद्दा मी हलका घेत नाही. पण लागतं काय? १५० मिमीचा व्हर्नियर, पिच गेज, स्टीलची टेप, वायर ब्रश, खडू आणि फोनचा कॅमेरा. जुना पार्ट परत करायची घाई करू नका, नवा प्रत्यक्ष बसेपर्यंत तो जवळ असू द्या. आणि बसलेल्या प्रत्येक पार्टचा नंबर एका वहीत लिहा, शेजारी तो मुळात कोणत्या गाडीचा तेही लिहा.

तुमच्या क्रॉससाठी मला पाच गोष्टी कळवा: दोन्ही भुजांचे कपाचे व्यास, दोन्ही भुजांची रुंदी, आणि सर्क्लिप आत की बाहेर. योक शाबूत असेल तर त्याच्या भोकाचा व्यासही घ्या, कारण जुना कप झिजून मापाला कमी भरतो. एवढं मिळालं की कोणता जोड क्रॉस लागेल ते इथेच सांगतो.