लँग्स्टन ह्यूज, प्रोफेसर आणि बबनची परत आलेली कविता

आदल्या संध्याकाळी वाचनालयात लँग्स्टन ह्यूज या काळ्या अमेरिकन कवीवर प्रोफेसरचं व्याख्यान झालेलं, त्यामुळे आज कट्ट्यावर ह्यूज निघणार हे ठरलेलंच होतं. कटिंग हातात पडायच्या आत त्याने सुरू केलं. "वास्तविक पाहता माणूस थोर. पण कवी म्हणून? फार सोपं लिहितो रे."

"सोपं म्हणजे तू समजावून न सांगता कळतं. तोच राग ना?" सरिता म्हणाली.

प्रोफेसर चष्मा पुसायला लागला. अडला की तो चष्माच पुसतो. मग प्रतिमासृष्टी निघाली, अनेकार्थता निघाली, "वास्तविक पाहता" आणखी तीनदा निघालं.

सरिताने त्याला संपवू दिलं. मग म्हणाली, "विशीसुद्धा न गाठलेलं पोरगं. बापाकडे मेक्सिकोला चाललंय. सेंट लुईसजवळ गाडी मिसिसिपीवरून जाते आणि ते एका पाकिटाच्या पाठीवर कविता लिहितं. युफ्रेटिस, काँगो, नाईल, मिसिसिपी. चार नद्यांत अख्ख्या वंशाचा प्रवास. त्यातला एक शब्द काढून दाखव, मग सोपं म्हण."

मला ती कविता पाठ आहे. तिच्यातल्याच एका ओळीखाली, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत, शॉमबर्ग केंद्र या ग्रंथालयाच्या फरशीत, ह्यूजची रक्षा पुरलेली आहे. हे मी सांगितलं तेव्हा दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही.

"आणि शिव्या कुणी घातल्या माहितीय?" सरिता परत सुरू. "१९२७ च्या संग्रहाला काळ्यांच्याच वर्तमानपत्राने कचरा म्हटलं. कारण त्यात हमाल, मोलकरणी, दारूडे आले, तेही आपल्या बोलीत. शिकलेल्यांना लाज वाटली, गोऱ्यांपुढे आपली शोभा नको म्हणून. आपल्याकडे दलित कवितेच्या भाषेवर नाकं मुरडली, ती काय वेगळ्या कारणाने?"

"म्हणजे आपल्या कॉलेजच्या मासिकासारखं," बबन हळूच बोलला.

झालं. वीस वर्षांपूर्वी प्रोफेसर त्या मासिकाचा संपादक होता आणि बबनची कविता त्याने "न्हाई" आणि "लई" या दोन शब्दांवरून परत केली होती. प्रमाण भाषेत लिहून आण म्हणाला. बबनने पुन्हा कविता लिहिली नाही. हे आम्ही शंभरदा ऐकलंय, तरी ऐकताना दर वेळी मला वाईट वाटतं.

"तो मुद्दा वेगळा आहे," प्रोफेसर.

"तोच मुद्दा आहे," सरिता.

दिलीपला एवढा वेळ गप्प बसवत नव्हतं. "कवितेचं सोडा. १९५३ ला कम्युनिस्ट हुडकणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या चौकशीपुढे वाकला की नाही तुमचा ह्यूज? आपल्याच जहाल कवितांपासून हात झटकले."

"झटकले. पण एकाही मित्राचं नाव दिलं नाही."

"आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेला विचारवंत डू बॉइस? नद्यांची कविता ज्याला अर्पण केली, त्यालाच पुढच्या वर्षी मुलांसाठी लिहिलेल्या थोर काळ्यांच्या पुस्तकातून वगळला."

यावर सरिताही थांबली. "ते मलाही टोचतं," एवढंच म्हणाली. मला ती यासाठीच आवडते. आपला माणूस म्हणून ती त्याला झाकत नाही.

"पण त्याच दिवसांत तो सिंपल लिहीत होता," मी म्हणालो. सिंपल हे त्याचं पात्र, शिकागो डिफेंडर या काळ्यांच्या वर्तमानपत्रातल्या त्याच्या सदरात १९४३ पासून यायचं. हार्लेमच्या बारमध्ये बसून जगाचा हिशेब मांडणारा साधा माणूस. ह्यूजला तो बारमध्येच सापडला. युद्धाच्या कारखान्यातल्या एका कामगाराला त्याने विचारलं, काय बनवतोस? म्हणाला, क्रँक. कसले क्रँक? तर म्हणे, गोरे आम्हाला कुठे सांगतात, कुठला क्रँक काय फिरवतो ते!

बबन एकदम ताठ बसला. "अरे, हा तर मी! बारा वर्षं लेथवर बुश काढतोय. कुठल्या मशीनला लागतात, विचारलं तर सुपरवायझर म्हणतो, तुला काय करायचंय?"

"लिही की हेच," सरिता म्हणाली.

"लिहितो. पण 'न्हाई' आला तर चालेल का संपादकसाहेब?"

प्रोफेसरने चष्मा काढला, पुसायला रुमाल शोधला, तो सापडेना. "लई चालेल," तो म्हणाला आणि आम्ही इतके हसलो की टपरीवाला गाळणी हातात घेऊन बाहेर आला. चहाचे पैसे प्रोफेसरने दिले. वीस वर्षांत पहिल्यांदा.