'आधी फिट व्हा, मग पार्कोर' हा सल्ला उलटा आहे

व्यायामाबद्दलचा एक संदेश सध्या पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातोय. त्याचा मथितार्थ असा: कार्डिओने, म्हणजे धावणं-सायकलसारख्या दम वाढवणाऱ्या व्यायामाने, स्नायू जातात आणि गुडघे झिजतात. आज धावणं, उद्या सायकल, परवा पोहणं असं केलं तर शरीराला कशाचीच सवय लागत नाही. आणि पार्कोर, म्हणजे धावत, चढत, उड्या मारत वाटेतले अडथळे पार करण्याचा प्रकार, हा गच्च्यांवरून उड्या मारणाऱ्या पोरांचा उद्योग, त्याला खेळ म्हणून मान्यताही नाही. तिशी ओलांडलेल्या, वजन वाढलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये, आधी फिट व्हावं. व्यायाम सुरू करायच्या बेतात असलेली माणसं हे वाचून थांबतात, याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'कार्डिओने स्नायू जातात.' या समजुतीला एक खरा आधार आहे. 1980 साली रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने काही जणांकडून ताकदीचा आणि दमाचा असा दोन्ही व्यायाम एकत्र करून घेतला. सुमारे सात आठवडे त्यांची ताकद छान वाढली, मग वाढ थांबली आणि शेवटी किंचित घटली. पण ही माणसं आठवड्यातून पाच दिवस वजनं उचलत होती आणि सहा दिवस जोरदार सायकल-धावणं करत होती. आणि एवढं करूनही त्यांची ताकद सुरुवातीपेक्षा बरीच वरच राहिली. आठवड्यातून तीन-चारदा भरभर चालणाऱ्या किंवा हळू धावणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष लावणं चूक आहे. नवशिक्याची ताकद आणि दम दोन्ही बरोबरच वाढतात. स्नायू घटतात ते पोटाला चिमटा काढून, ताकदीचा व्यायाम पूर्ण सोडून, नुसतं तासन्‌तास धावत राहिल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचना मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरदार व्यायाम सांगतात आणि सोबत किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायामही सांगतात.

आता गुडघे. सांध्यांच्या झिजेवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघा आणि खुब्याच्या झिजेचं प्रमाण सुमारे 3.5 टक्के आढळलं, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये 13.3 टक्के. यातून 'धावा म्हणजे गुडघे वाचतील' असं सिद्ध होत नाही, कारण ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावणं सोडून देतात. पण बेताने धावल्याने गुडघे जातात, हा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब पडणं आणि सुटणं यातूनच तिला पोषण मिळतं.

धोका खरा आहे तो घाईत. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडं यांना भार पेलायची तयारी करायला महिने लागतात. त्यामुळे सुरुवातीच्या उत्साहात दम पुरतो, माणूस अंतर वाढवत नेतो आणि टाचेवरचा कंडरा किंवा नडगी बोलू लागते. 'गुडघे गेले' म्हणणाऱ्यांची कहाणी बहुतेक वेळा अशीच असते.

आणि नेमकं इथेच वेगवेगळ्या प्रकारांचं मोल कळतं. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं, ही क्षमता सायकलने वाढली तरी चढ चढताना कामी येते. पायांवर पडणारा भार मात्र प्रत्येक प्रकारात निराळा असतो. धावण्यात दर पावलाला आपटणं आहे, सायकलमध्ये ते जवळपास नाही, पोहण्यात खांदे-पाठ राबतात, दोरीउड्यांत पोटऱ्या आणि घोटे. एक दिवस धावून दुसऱ्या दिवशी सायकल चालवली तर हृदयाला काम मिळतं आणि नडगीला विश्रांती. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने भरपूर धावलंच पाहिजे, तिथे संदेशातला सल्ला बरोबर आहे. पण ज्याला जिना चढताना धाप लागू नये एवढंच हवं आहे, त्याला तो लागू नाही. जोर किती लावायचा, हे ओळखायला घड्याळही लागत नाही. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत दम लागला की तो मध्यम व्यायाम.

मान्यतेचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. ब्रिटनने जानेवारी 2017 मध्ये पार्कोरला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली, आणि आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाची पहिली पार्कोर जागतिक स्पर्धा 2022 साली टोकियोत झाली.

राहता राहिला शेवटचा मुद्दा, पार्कोर करायचं तर आधी फिट व्हावं हा, आणि सगळ्यांत जास्त नुकसान याच मुद्द्याने होतं. गच्च्यांवरच्या उड्यांचे व्हिडिओ म्हणजे काही निवडक लोकांनी वर्षानुवर्षं केलेल्या सरावाचे शेवटचे काही सेकंद. पार्कोरची मुळं साहसी खेळात नाहीत. फ्रेंच नौदल अधिकारी जॉर्ज एबेर यांनी 1902 साली मार्टिनिक बेटावरच्या ज्वालामुखीच्या उद्रेकात लोकांना वाचवण्याचं काम केलं. पुढे त्यांनी चालणं, धावणं, रांगणं, चढणं, तोल सांभाळणं, उडी, फेकणं, उचलणं, पोहणं यांवर उभी असलेली शिक्षणपद्धत घडवली. इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा, हे तिचं सूत्र. ती परंपरा फ्रेंच सैन्याच्या अडथळा-सरावातून पॅरिसच्या अग्निशमन दलातले जवान रेमों बेल यांच्यापर्यंत आली आणि त्यांच्याकडून मुलगा दाविद आणि पॅरिसजवळच्या लिस गावातल्या त्याच्या मित्रांपर्यंत. त्यांच्याच हातून पार्कोर घडलं.

नवशिक्याच्या पहिल्या तासात काय असतं, ते सांगतो. जमिनीवर हात-पाय टेकून, गुडघे जमिनीपासून जरासे वर ठेवून रांगणं. फुटपाथच्या कडेवर तोल सांभाळत चालणं. जमिनीवर खडूने दोन रेषा मारून एकीवरून दुसरीवर दोन्ही पायांनी उडी, आणि तिथेच स्थिर थांबणं. कमरेपेक्षा कमी उंचीच्या कठड्यावर एक हात आणि एक पाय टेकून पलीकडे जाणं. मऊ गादीवर किंवा गवतावर एका खांद्यावरून तिरपं विरुद्ध बाजूच्या नितंबाकडे लोळणं, म्हणजे मणके जमिनीवर आपटत नाहीत.

यातलं रांगणं करून पाहा, मिनिटभरात धाप लागेल. मनगटं, खांदे, पोट, मांड्या, सगळं एकदम कामाला लागतं. म्हणून 'आधी फिट व्हा' या सल्ल्याचा क्रमच मला उलटा वाटतो. या हालचालीच माणसाला फिट करतात, आणि त्यातली प्रत्येक हवी तेवढी सोपी करता येते. वजन जास्त असेल तर उडीच्या जागी लांब पाऊल टाका, कठड्यावरून जाण्याऐवजी त्यावर चढून हळूच उतरा.

सगळ्यांत आधी शिकायची गोष्ट म्हणजे जमिनीवर उतरणं. चवड्यांवर उतरायचं, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने वाकवायचे, आत कलू द्यायचे नाहीत. आवाज ऐकायचा. धप्प आवाज आला तर सगळा भार एका क्षणात सांध्यांवर आला, आवाज मऊ आला तर तो स्नायूंनी वाटून घेतला. हे कौशल्य बसमधून उतरतानाही उपयोगी पडतं.

वयाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर सांगितलेल्या सूचनांमध्ये 65 वर्षांवरच्या लोकांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा विविध प्रकारचा व्यायाम सांगितला आहे, पडणं टाळण्यासाठी. फुटपाथच्या कडेवर चालणं हा तोच व्यायाम. संदेश ज्या वयाला दूर ठेवू पाहतो, त्याच वयाला याची गरज सर्वाधिक आहे.

दुखापत होते, हे मी नाकारत नाही. घोटा मुरगळतो, नडगी खरचटते, मनगट दुखावतं. म्हणून पृष्ठभाग ओला आहे का ते पाहावं, कठडा हलवून खात्री करावी, आणि ज्या उंचीवर स्वतःला चढता येत नाही तिथून खाली उडी मारू नये. छातीत दुखणं, चक्कर, ताब्यात नसलेला रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा, गरोदरपण किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या दुखतील, ते चालतं. सांध्यात टोचणारी कळ किंवा सूज आली तर उड्या थांबवाव्यात, दुखत नसेल तर सायकल चालू ठेवावी, आणि सूज पूर्ण उतरल्यावर पुन्हा खडूच्या रेषांपासून सुरुवात करावी. आठवडाभरात सूज उतरली नाही, किंवा त्या पायावर भारच देता येत नसेल, तर तपासून घ्यावं.