चाकाला बांधा रे, चाकाला!

नायलॉनची दोरी! बाबांची गाडी कार वाहून नेणाऱ्या दुमजली ट्रेलरवरून नागपूरहून खारघरला आणली ती नायलॉनच्या दोरीने बांधून. पुढे एक गंजकी साखळी, तीही थेट सस्पेन्शनच्या खालच्या आर्ममध्ये, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यात, अडकवलेली. मागे ही दोरी, अलॉय व्हीलच्या दांड्यांमधून ओवून वर गाठीवर गाठ मारलेली. डाव्या चाकाखाली अर्धी वीट, उजव्या चाकाखाली काहीच नाही. आणि गाडी न्यूट्रलला! हँडब्रेकसुद्धा ओढलेला नाही.

बुकिंग करताना ‘घरपोच’ म्हणाले होते. आयत्या वेळी फोन: मोठी गाडी सेक्टरमध्ये वळत नाही, कळंबोलीला या. म्हणजे स्टील मार्केटच्या रस्त्यावर, पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या वाहणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत, धुळीत आणि उन्हात बाबांना उभं करायचं. वरच्या मजल्यावरून गाडी खाली आली तेव्हा पुढचा बंपर फाटलेला. गाडी मागेपुढे सरकून ट्रेलरच्या खांबावर आपटत आली होती, खांबावर आमच्या गाडीचा रंग लागलेला स्पष्ट दिसत होता. रिमवर दोरीने पाडलेले काळे चर. रॅम्पवरून उतरवून बाबांनी चालवायला घेतली तर स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं. आर्म वाकला, दुसरं काय होणार?

तिथला सुपरवायझर काय म्हणाला? “काका, लांबचा प्रवास आहे, एवढं-तेवढं चालायचंच.” चालायचंच! माझ्या वडिलांनी ती गाडी लेकरासारखी जपली. दर जूनला वायपर बदलला, टायरची हवा स्वतः तपासली, सर्व्हिसिंगची एक तारीख चुकवली नाही. त्यांना हा माणूस चालायचंच म्हणून सांगतो आणि वर सही मागतो, ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या ओळीखाली. मी पेन हातात घेतलं आणि त्या ओळीवर काट मारून, काय काय मोडलंय ते सगळं लिहून मग सही केली. त्यावर त्याचा आवाज चढला. चढू दे.

गाडी स्प्रिंगवर उभी असते हे या धंद्यात असलेल्या माणसाला कळू नये? बॉडीला किंवा आर्मला साखळी घालून कितीही आवळा, पहिल्या खड्ड्यात सस्पेन्शन दबतं, साखळी सैल पडते, गाडी वर उसळली की तीच साखळी हिसका देते. असा हिसका वाटभर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, तिथे कदाचित निभावतं. पण आमणेला समृद्धी संपल्यावर पुढे भिवंडी, मुंब्रा बायपास, शिळफाटा आहे ना! म्हणून पट्टा चाकाला बांधतात. टायरवरून घेतलेला रुंद पट्टा, दोन्ही टोकं ट्रेलरच्या डेकला, म्हणजे तळाला, रॅचेटने (दातेरी आवळणीने) ताणलेला, टायरवरून सरकू नये म्हणून रबरी पकड. चारही चाकांना तसंच. चाकांना पुढून-मागून ठोकळे, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर. मग गाडी स्प्रिंगवर हवी तेवढी हलू दे, चाक जागचं हलत नाही. आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा ताणायचे, कारण सुरुवातीच्या धक्क्यांत ते बसतात आणि ढिले होतात. यात अवघड काय आहे?

युरोपात सामान बांधण्याचं मानक आहे, ईएन १२१९५. त्यात हिशेब सरळ आहे: जोरात ब्रेक लागला तर सामान त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे ढकललं जातं, वळणावर बाजूला ०.५ पट. म्हणजे १२०० किलोच्या गाडीला पुढे जाण्यापासून अडवायला ९६० किलोचा जोर धरून ठेवावा लागतो. हा जोर कोण धरणार, ती अर्धी वीट? नायलॉन तर ओलं झालं की आणखी ताणतं, आणि गाठ मारली की दोरीची ताकद घटते. त्या मानकाप्रमाणे बनवलेल्या पॉलिएस्टरच्या पट्ट्यावर निळं लेबल असतं, त्यावर किती जोर झेपतो ते लिहिलेलं असतं. या ट्रेलरवर मला एकाही पट्ट्यावर लेबल दिसलं नाही. जे दोन-तीन पट्टे होते त्यांच्या कडा उसवलेल्या, उन्हाने पांढरे पडलेले.

ड्रायव्हरवर मी चिडले नाही, हे मुद्दाम सांगते. तो एकटा होता, क्लीनर दिलेला नाही, डोळे लाल. त्याने सांगितलं की नवे पट्टे मालकाकडे मागून मागून थकलो. मला ते खरं वाटलं. राग आहे तो त्या मालकावर, जो दहा गाड्यांचं भाडं घेतो आणि पट्ट्यांचे पैसे वाचवतो.

आणि हे फक्त आमच्या बंपरपुरतं नाही. ठाण्याच्या घोडबंदर रोडने रोज जाणाऱ्यांनी पाहिलेलं आहे: गायमुखच्या चढावर समोर कार कॅरिअर, वरच्या मजल्यावरची गाडी प्रत्येक खड्ड्यात डुलतेय, शेवटच्या गाडीचा मागचा भाग ट्रेलरबाहेर लोंबतोय, आणि मागे स्कूटरवर एक बाई, पुढे शाळेचं दप्तर घेतलेलं पोर. बाजूला व्हायला जागा नाही. ट्रेलरबाहेर सामान डोकावत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आहे, शिवाय ते उतरवण्याचा खर्च. २०१९ पासून आहे. कुठे लावतात तो? हेल्मेटची पट्टी लावली नाही म्हणून माझा फोटो निघतो, डोक्यावरून जाणारी टनभराची गाडी कॅमेऱ्याला दिसत नाही.

माजिवड्याकडच्या सर्व्हिस रोडवर गाड्या उतरवतात ते तर वेगळंच. ऐन संध्याकाळी, ऑफिसं सुटायच्या वेळेला रॅम्प पाडायचा, ना रस्ता अडवायचा कोन ना दिवा, एक पोरगा हात हलवून गर्दी थांबवणार. रॅम्पवरून गाडी मागे घेताना त्या पोराच्या आणि चाकाच्या मध्ये वीतभर अंतर. तो पोरगा कुणाचा तरी मुलगा आहे! हॉर्न वाजवणाऱ्यांनाही मला ओरडावंसं वाटतं, आणि शोरूमच्या काचेआडून हे बघत बसणाऱ्यांनाही.

नुकसानीचं विचारलं तर बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, मागची बारीक अक्षरं दाखवली: माल मालकाच्या जोखमीवर. असं छापून कुणी सुटत नाही. रस्त्याने माल वाहणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. वाहतूकदाराकडून मालाचं नुकसान झालं तर त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकावर नाही. मात्र जास्त किमतीची जोखीम लिहून घेतली नसेल तर भरपाईला भाड्याच्या दहापटीची मर्यादा लागते, म्हणून बुकिंगलाच गाडीची खरी किंमत लिहून घ्या. आणि बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावीच लागते. फोनवर भांडत बसू नका, ते तुम्हाला दिवसेंदिवस खेळवतील आणि मुदत उलटून जाईल.

काल त्यांच्याकडून फोन आला. ताई, बंपरचे पैसे देतो, विषय मिटवून टाका. आर्मचं विचारलं तर म्हणे तो आधीपासूनच वाकलेला असेल. नागपूरला गाडी चढवण्याआधी भावाने खालून काढलेले फोटो आहेत माझ्याकडे, तारखेसकट. नोटीस स्पीड पोस्टाने आज गेली. त्यात बंपर आहे, आर्म आहे, रिम आहे, आणि ट्रेलरवरच्या पट्ट्यांची तपासणी करून लेखी कळवा अशी मागणी आहे. बंपरच्या पैशांवर ती मागणी मी सोडणार नाही.